उपचार घेऊन वाडीत परतलेल्यांचा सत्कार करावा का? गणपतीआधी काय तयारी हवी?

देवगडची_सदस्य

देवगड तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीत सदस्य आहे. यंदा मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, गावातले काही खलाशी आणि आंबाबागेत काम करणारे एक-दोघे व्यसनमुक्ती केंद्रात राहून दारूवरचे उपचार घेऊन आले. आता नारळी पौर्णिमा आणि पाठोपाठ गणपती. चाकरमानी येणार, रात्र रात्र आरत्या-भजनं चालणार आणि मागीलदारी बाटल्याही उघडणार.

गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाल-श्रीफळ देऊन यांचा सत्कार करू, माइकवर दोन शब्द बोलायला लावू आणि देवळात गाऱ्हाणं घालून शपथ घेऊ. दुसरा म्हणतो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, कशाला नारळ फुकट घालवता? तोवर बोटमालक "बघू नंतर" म्हणून टोलवतायत, भजनाला बसले तर शेजारचा वास घ्यायला तोंडाशी येतो, शाळेत पोरांना बापावरून चिडवतात.

सत्कार आणि शपथेने फायदा होतो की तोटा? मालकाने कामावर घेताना नेमकं काय बघावं? गणपतीत वाडीने काय करावं? व्याख्यान नको, ते दरवर्षी २ ऑक्टोबरला ऐकतोच. करता येईल असं सांगा.

समुपदेशक_रत्नागिरी

ताई, सत्कार नको.

केंद्रातून आल्यावरचे पहिले तीन महिने सगळ्यात निसरडे असतात. नेमकं तेव्हाच गावाने माणसाला स्टेजवर चढवलं, की पुढे पाय घसरला तर तो अख्ख्या गावासमोर घसरतो. मग पहिल्या घोटानंतर तो मदत मागायला येत नाही. लपून पितो आणि आठ-दहा दिवसांनी, तब्येत पार ढासळल्यावर सापडतो. जो घसरत नाही त्याच्याही नावापुढे "तो दारू सोडलेला" हे कायमचं चिकटतं. सत्काराचा फोटो मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला की मुलीच्या सोयरिकीच्या वेळी कुणीतरी तो हमखास शोधून काढतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांमध्ये माणूस फक्त पहिल्या नावाने ओळखला जातो, ती शिस्त याच अनुभवातून आली आहे.

कुणाला स्वतःहून बोलायचं असेल तर अडवू नका. फक्त निदान वर्ष उलटू द्या, बायको-मुलांना विचारू द्या आणि पहिल्यांदा शेजारच्या तालुक्यात कुठेतरी बोलू द्या. हार घालायची फारच हौस असेल तर पाखाडी दुरुस्त करणाऱ्या, विहिरीचा गाळ काढणाऱ्या सगळ्यांना मिळून घाला. त्यात हेही असतील. त्यांच्या दारूचा उच्चार करायचं कारण नाही.

शपथेचा धोका वेगळा आहे आणि तो जिवावर बेततो. हे लोक उपचार घेऊन आलेत, त्यांच्या शरीरातून दारू कधीच उतरली आहे. पण देवळातली शपथ बघून अजून रोज पिणारा कुणी तरी भावनेच्या भरात उभा राहतो आणि त्याच दिवशी बाटली बंद करतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अशी एकदम थांबवली तर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: माणसं ओळखत नाहीत, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. गावात मात्र याचा अर्थ निघतो, "चोरून प्यायला असणार, देवाने दाखवलं." म्हणजे औषधाअभावी आलेली फिट देवाच्या कोपावर जमा होते आणि त्या घराकडे लोक आणखी तिरकं बघायला लागतात. ज्याची श्रद्धा आहे त्याने गाऱ्हाणं जरूर घालावं, पण आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने बंद करायची ती औषधाच्या आधाराने. फिट, भ्रम किंवा ताप दिसला तर १०८ ला फोन करायचा, मांत्रिकाकडे वेळ काढायचा नाही.

लाजेमुळे होणारं आणखी एक नुकसान. घरचे रुग्णाला दवाखान्यात नेतात आणि "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" एवढंच सांगतात. रोज किती पितो ते दडवतात. अशा माणसाला ग्लुकोज लावण्याआधी किंवा निदान त्याच्यासोबत थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं. ते राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना खरं सांगितलं की हा धोका टळतो.

आणि कृपा करून भाजीत गुपचूप औषध घालू नका. "न सांगता दारू सोडवा" म्हणून ज्या पुड्या विकतात त्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासूनच द्यायचं असतं. ते पोटात असताना दारू गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे हा परिणाम राहतो. माहीत नसलेला माणूस प्यायला तर काय होईल याचा विचार करा. शिवाय हे उघडकीला आलं की तो घरचं अन्नसुद्धा संशयाने खातो.

एक आकडा ग्रामसभेत जरूर सांगा. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांत एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ जण सध्या बघतायत, या परत आलेल्यांना गाव कसं वागवतं ते.

बंदरावरचा_जमाखर्च

मच्छीमार सोसायटीच्या हिशेबात मुरलेला माणूस आहे, म्हणून मालकांच्या बाजूचं लिहितो.

आमच्याकडे एक समज आहे, "समुद्रात गेलो काय सोरो (दारू) आपसूक सुटता." अगदी चुकीचा. रोज पिणारा चार दिवसांच्या फेरीवर गेला तर वर समुपदेशकांनी सांगितलेली फिट त्याला किनाऱ्यापासून कित्येक तास दूर, ओल्या डेकवर, जाळं ओढायच्या विंचजवळ येते. तेव्हा जो अजून पितोय त्याला "घेऊन जा, तिकडे सुधारेल" असं करू नये.

उपचार घेऊन आलेल्याचा प्रश्न वेगळा. त्याला पहिला महिना बंदरावरचं काम द्या: जाळी शिवणं, बर्फ भरणं, मासळीची निवड, लिलावाच्या वेळी वजनाची नोंद. मग सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी होडी. तिथे बसला की मग अनेक दिवसांच्या फेरीचा ट्रॉलर. या क्रमाचं कारण अविश्वास नाही. सुरुवातीला काहींना झोपेच्या किंवा मन शांत ठेवण्याच्या गोळ्या असतात आणि त्या अंगात असताना विंच, दोर, सुकाणू यांपासून लांब राहिलेलं बरं. मालकाने एवढंच म्हणावं, "डॉक्टरांना विचारून ये, बोटीवर चढलं तर चालेल का?" हो किंवा नाही, उत्तर पुरे. केंद्राचे कागद मागायचे नाहीत आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो तर मुळीच काढायचा नाही.

पगार तोच द्या जो त्या कामाला दुसऱ्याला देता. "अर्ध्यावर घेतो, उपकार समज" असं म्हणून घेतलेला माणूस दुसरीकडे पूर्ण पैसे मिळाले की जातो. मग मालकच गावभर सांगत फिरतो की हे लोक टिकत नाहीत.

सगळ्यात जास्त गडबड होते ती उचलीमुळे. हंगामाच्या तोंडावर खलाशाच्या हातात एकरकमी मोठी उचल पडते आणि नारळी पौर्णिमेची पार्टीही त्याच आठवड्यात असते. त्या माणसाशी आधी बोलून उचलीचे तुकडे करा आणि दर आठवड्याला बँक खात्यात टाका. त्याला न विचारता पैसे परस्पर बायकोच्या हातात देऊ नका. मजुरी त्याची आहे, असं केल्याने घरात भांडण आणि बंदरावर हसं होतं. त्याने स्वतः सांगितलं तर गोष्ट निराळी.

"प्यायलेला बोटीवर चढणार नाही" हा नियम ठेवायचाच, पण तो तांडेलापासून (बोटीच्या प्रमुखापासून) पोऱ्यापर्यंत सगळ्यांना. एकाच माणसाचं तोंड हुंगायचं आणि तांडेल स्वतः क्वार्टर मारून सुकाणू धरणार, यात शिस्त कसली? शंका आली तर जेटीच्या कडेला घेऊन दोन वाक्यं बोला, "आज नको येऊस, उद्या ये." चारचौघांत शोभा करू नका.

बंदी हाच उपचारांचा काळ हे मात्र बरोबर पकडलंत. त्या दोन महिन्यांत बोट अडत नाही, मजुरी बुडत नाही आणि "कुठे गेला होता" हा प्रश्न कमी येतो. पुढच्या वर्षी मे महिन्यातच केंद्रात जागा विचारून ठेवा, जूनमध्ये धावपळ होते.

कुडाळची_वाचक

एवढे लाड? वर सगळं त्यांना काय वाटेल याचंच चाललंय. ज्या बायकांनी मार खाल्ला, मंगळसूत्र गहाण पडलेलं पाहिलं, त्यांनी आता "कलंक कमी करा" म्हणून हसून पाणी द्यायचं का? गाव त्याला पालखीला खांदा देईल आणि बायको घरात गप्प. याचं उत्तर द्या आधी.

समुपदेशक_रत्नागिरी

ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो बाजूला पडतो. माणसाला कामावर घेणं, भजनात बसवणं हे गावाचं काम. त्याला माफ करणं हे गावाचं काम नाही. ते बायकोने ठरवायचं, आणि कधीच माफ केलं नाही तरी चालेल. पंचांनी किंवा सासरच्यांनी "आता सुधारलाय, घरी ये" म्हणून माहेरी गेलेल्या बाईवर दबाव आणायचा नाही. मारहाण झाली असेल किंवा पुन्हा होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं, महिला हेल्पलाइन १८१ आहे. दारू सोडली म्हणून ती तक्रार रद्द होत नाही.

बायकोला पहारेकरी करण्याची चूकही सर्रास होते. केंद्रातून निघताना गोळ्यांची पिशवी तिच्या हातात, खिसे तपासायची जबाबदारी तिची, आणि तो घसरला तर "तू लक्ष ठेवलं नाहीस" हे ऐकायचं तिनेच. गोळी त्याची, वेळ त्याने पाळायची. फार तर गोळी घेताना समोर बसणारा एक माणूस दोघांनी मिळून ठरवावा, तो भाऊ असेल, मित्र असेल. घरच्यांसाठी स्वतंत्र गट असतात. अल्-अ‍ॅनॉन हा त्यातलाच एक. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. तालुक्यात असं काही नसेल तर बचत गटाच्या बैठकीनंतरचा अर्धा तास बायकांना आपापसात बोलायला राखून ठेवता येतो. नवऱ्यांच्या प्रगतीचा अहवाल तिथे घ्यायचा नाही, एवढं पथ्य.

पिणाऱ्या बायकांबद्दल या धाग्यात कुणी लिहिलं नाही. त्यांच्या वाट्याला तर दुप्पट बदनामी येते आणि त्या केंद्रापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यासाठी फोन हाच पहिला मार्ग: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.

देवळाकडचा

गणपतीचं मी सांगतो. बाहेरून आलेल्या समित्यांना हे कळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आरत्यांना वाडी घरोघर फिरते, आणि पिणं देवासमोर कधीच होत नाही. ते होतं मागीलदारी, पडवीत किंवा दोन घरांच्या मधल्या वाटेवर, आरती संपून प्रसाद वाटेपर्यंतच्या वेळात. रिकामा उभा असलेला माणूस तिकडे ओढला जातो. म्हणून त्या माणसाच्या हातात काहीतरी द्या. मृदुंग, पेटी, टाळ येत असेल तर उत्तम. नसेल तर समईची जबाबदारी, प्रसादाचं ताट, आरतीचं पुस्तक धरणं. आणि एक सोबती ठरवा, जो त्याच्याबरोबरच एका घरातून दुसऱ्या घरी चालतो. सोबत्याने पहारा द्यायचा नाही, गप्पा मारायच्या. रात्री दहाच्या सुमाराला सगळ्यांनाच काही पोटाला द्या, उसळ-पाव, चहा, काहीही. उपाशी आणि दमलेल्या माणसाला तलफ जास्त येते.

खजिनदार मात्र त्याला पहिल्या वर्षी करू नका. विश्वास दाखवायला म्हणून काही मंडळं मुद्दाम वर्गणीची पेटी त्याच्याकडे देतात. रोख पैसा हातात असणं बऱ्याच जणांना जड जातं. त्यात हिशेबात शंभर रुपये इकडचे तिकडे झाले, जे दरवर्षी कुणाकडूनही होतात, तर पहिलं बोट त्याच्याकडे जातं.

राखणीचं काय, हे कुणीच विचारलं नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा आणि दारू द्यायची रीत आहे. घरचा कर्ता पुरुष म्हणून ती त्यालाच द्यावी लागते. म्हणजे ज्याने सोडली तोच बाटली विकत आणणार, उघडणार, धार सोडणार, आणि उरलेली त्याच्याच घरात राहणार. याला दोन वाटा आहेत. भावकीतल्या दुसऱ्या कुणी बाटली आणून धार सोडायची आणि घरातल्याने फक्त नारळ ठेवायचा. उरलेली त्या घरी परत न्यायची नाही, ज्याने आणली त्याने नेऊन टाकावी. किंवा गुरवाकडून देवाला कौल लावून विचारायचं, गोडाचा नैवेद्य चालेल का. कौल मिळाला की भावकी सहसा आडवी येत नाही. ग्रामपंचायतीने मात्र ठराव करून "राखण बंद" म्हणू नये, त्याने गावकार, मानकरी सगळे विरोधात जातील आणि राग निघेल त्या घरावर.

चाकरमान्यांचा आग्रह हा मोठा प्रश्न. "वर्षातून एकदा भेटतो, एक पेग काय होतोय?" हे प्रेमाने म्हणतात, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं. मंडळाच्या ग्रुपवर आधीच संदेश टाका. कुणाचं नाव नाही, व्यसनमुक्तीचा शब्दही नाही. साधारण असा:

"गणपतीला येणाऱ्या सर्वांना नमस्कार. यंदा वाडीने ठरवलं आहे की आरती-भजनाच्या घरी आणि विसर्जनाच्या वाटेवर दारू नको. ज्याने एकदा नको म्हटलं त्याला पुन्हा विचारू नये, का नको तेही विचारू नये. मृदुंग-पेटी वाजवणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी सरावाला यावं."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय, नाहीतर संदेश नुसता दटावणीचा वाटतो.

दोन दिवस जपायचे. गौरीच्या वेळचा तिखटा सण ज्यांच्याकडे असतो तिथे मटणाबरोबर बाटली ठरलेली. त्या दुपारी त्याला दुसऱ्या कामाने बाहेर काढता आलं तर बघा. दुसरा दिवस याहून वाईट, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं: चाकरमानी परत गेल्यानंतरचा. घर एकदम रिकामं, जाताना कुणी हातावर ठेवलेले पैसे खिशात आणि कपाटात कुणाची तरी अर्धी बाटली राहिलेली. निघताना ज्याने त्याने आपली बाटली घेऊन जावी किंवा ओतून टाकावी हे मंडळाला सांगून ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी सोबत्याने चहाला म्हणून जाऊन यावं.

हेच सगळं शिमग्यालाही लागू. फक्त तिथे पालखीचा खांदा हा मान आहे. ज्याचा मान आहे त्याला तो परत द्यायचा, "यंदा राहू दे, बघू पुढच्या वर्षी" म्हणून अडवायचा नाही. प्यायलेल्याने पालखीला हात लावायचा नाही हा नियम असेल तर तो सर्वांना सारखा हवा.

अलिबागचा_वकील

कायद्याचं थोडक्यात.

ग्रामसभेत यांच्या नावांची यादी वाचू नका, इतिवृत्तात तर अजिबात लिहू नका. इतिवृत्त कायम राहतं आणि कुणालाही बघता येतं. ठराव करायचाच तर "उपचार घेतलेल्या ग्रामस्थांना रोजगार हमीच्या व इतर कामांत समान संधी द्यावी" असा, बिननावाचा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक आजारांचा समावेश आहे. कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे आणि कलम २४ प्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. तालुका वार्ताहराला बोलवायचा बेत असेल तर हे लक्षात घ्या. साखळीने बांधणं कलम ९५ खाली निषिद्ध आहे. पुढच्या वेळी केंद्र निवडताना नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, घरच्यांना कधी भेटू देतात हे विचारा. भेटच नाही म्हणाले तर दुसरं केंद्र बघा.

कुणी भावकीची बैठक घेऊन त्या घराचा शेजार-व्यवहार बंद केला, देवळातला हक्क काढला, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागू होतो: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांची त्या काळी बरीच चर्चा झाली होती. मात्र एखादा बोटमालक कामावर घेत नाही हा बहिष्कार नव्हे, त्याच्यावर कायद्याचा बडगा दाखवून काही साधणार नाही. आणि पहिल्याच बैठकीत या कायद्याचं नाव काढू नका, माणसं बिथरतात.

गुहागरची_बाई

शाळेचं कुणी लिहिलं नाही. त्या मुलाला वर्गात उभं करून "याला कुणी चिडवायचं नाही" असं सांगणं म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही सांगणं. चिडवणाऱ्याला बाजूला घ्या, त्याच्या पालकांना बोलवा, इतर कुठल्याही चिडवण्याला जे करता तेच. व्यसनविरोधी चित्रकला स्पर्धेत झिंगलेला बाप आणि रडणारी आई हा विषय ठेवू नका, त्या मुलाला आपलंच घर काढायला लावल्यासारखं होतं. पथनाट्यातला झोकांड्या खाणारा दारुडाही वगळा. मुलं हसतात आणि दुसऱ्या दिवशी तीच नक्कल त्या बापामागे रस्त्यावर होते.

मुलाने घरी विचारलं तर उत्तर साधं असावं: "बाबांना आजार झाला होता, त्यावर औषध चालू आहे, त्यात तुझी काही चूक नाही." "आता कधीच पिणार नाहीत" असं वचन मुलाला देऊ नका.

देवगडची_सदस्य

सगळ्यांचे आभार. सत्काराचा विषय १५ ऑगस्टच्या विषयपत्रिकेतून काढायला सरपंचांना सांगते. कुडाळच्या ताई, तुमचा मुद्दा बचत गटात नेते.

एक राहिलं. एवढं करूनही गणपतीत कुणी प्यायलाच तर? दुसरा तट त्याच क्षणाची वाट बघतोय.

समुपदेशक_रत्नागिरी

पितील. सगळेच नाही, पण कुणीतरी पितो. रक्तदाबाची गोळी चुकली की रक्तदाब चढतो, त्यावर आपण सभा बोलावत नाही. हेही तसंच हाताळायचं.

प्यायलेला असताना समजावणं, शपथेची आठवण, मारणं, बांधून ठेवणं, यातलं काहीही नको. त्या वेळी त्याच्या डोक्यात काही शिरत नाही, अपमान मात्र लक्षात राहतो. समुद्र, विहीर आणि मोटारसायकल यांपासून लांब ठेवा. झोपला तर कुशीवर झोपवा, उताणा नको, उलटी श्वासनलिकेत जाते. हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील तर १०८. डायसल्फिराम चालू असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि गोळीचं नाव सांगा. मरणाची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका, १४४१६ लावा, तणनाशक आणि कीटकनाशकाचे डबे आधी घराबाहेर काढा.

सकाळी उतरल्यावर एकाच माणसाने बोलायचं. विचारायचं ते "का प्यायलास?" असं नाही. "कधीपासून, किती, आणि आज काय करायचं?" एकदाच प्यायला असेल तर त्याच दिवशी केंद्राला फोन करून पुढच्या तपासणीची तारीख अलीकडे घ्या. चार-पाच दिवस सलग पीत असेल तर घरी एकदम बंद करू नका, वर लिहिलेला फिटचा धोका पुन्हा उभा राहतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचं पथक कोणत्या वारी येतं ते गणपतीआधीच विचारून ठेवा. ओळखीच्यांच्या रांगेत बसायला नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याचं किंवा जिल्हा रुग्णालय धरा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

दुसऱ्या तटाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. बोटीवरचं काम, भजनातली जागा चार दिवसांनी पूर्ववत चालू ठेवली की ते दिसतंच.

आणि हे सगळं तो शुद्धीत, बरा असताना ठरलेलं असावं. गणपतीआधी त्याने स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहावी, वहीच्या अर्ध्या पानाची: घसरलो तर आधी कुणाला बोलवायचं, दुसरा कोण, कुणाला मुळीच बोलवायचं नाही (बहुतेक वेळा इथे मोठ्या भावाचं किंवा मेहुण्याचं नाव असतं), चालू गोळ्यांची नावं, केंद्राचा फोन, मुलांना त्या रात्री कुणाकडे झोपायला पाठवायचं. एक प्रत घरात, एक सोबत्याकडे. आशाताईंना द्यायची की नाही ते त्याने ठरवावं. त्या त्याच वाडीतल्या असतात, काहींना ते नको असतं. गोळ्यांच्या नावाखाली एक ओळ वाढवायला सांगा: डायसल्फिराम चालू असेल तर द्राक्षासव, अशोकारिष्ट अशी आसवं-अरिष्टं आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध चालत नाही. सणात पोट बिघडलं की घरातलं कुणीतरी हमखास आसवाचा चमचा पुढे करतं.